शंभर कशाचे?

११ जुलै

दादा,

सात वर्षांनी हाक मारते आहे, म्हणून मायन्यात काय काय घालावं याचा सकाळभर विचार केला आणि शेवटी 'दादा' एवढ्यावरच थांबले. नमस्कार गृहीत धर. तुझ्या विषयात म्हणे बरंच काही गृहीत धरावं लागतं.

तुझ्या शिक्षण मंडळाच्या अहवालाने शाळांमधून संस्कृत गेलं, आणि माझे संस्कृतचे तासही. त्यानंतर माझं काय झालं ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सहा वर्षं शाळेच्याच ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घातली. यंदा पहिलीला गणित शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं, "तुम्हाला शंभरापर्यंत येतं ना?"

"संस्कृतमध्येही येतं," मी म्हटलं.

"मराठीत पुरे."

तेव्हा मी आता पहिलीची गणिताची बाई आहे. हसून घे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. सव्वीस मुलं आहेत आणि एका महिन्यात मी तुझा विषय जिंकला आहे. वर्गाच्या भिंतीवर तुझ्या सहीची यादी टांगलेली आहे: पहिलीतल्या मुलाला काय यावं, एकोणीस कलमं. कलम पहिलं, 'एक ते शंभर न अडखळता म्हणता येणे. हे न येणाऱ्या मुलास त्याच वर्गात ठेवावे.' पाठांतर! हे तर माझ्या घरचं. आबांनी मला जसं म्हणायला शिकवलं, तसंच मी मुलांना शिकवलं. आधी सरळ, मग उलट, मग वेणी घालून: एक दोन, दोन एक, एक दोन; दोन तीन, तीन दोन, दोन तीन. शब्द हरवू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी काढलेली रीत. एकदा वेणी घातली की केस सुटा होत नाही. माझी सहा वर्षांची पोरं आता शंभरापर्यंत वेणी घालतात. मुख्याध्यापिका पाहुण्यांना मुद्दाम माझ्या वर्गावरून नेतात. एक ठेंगणा मुलगा तर असा धडाधड म्हणतो की मी त्याला पोपटराव अशी पदवी दिली आहे.

एकच मुलगी तोंड उघडत नाही. तिला मी मौनी म्हणते. याच कलमावर ती गेल्या वर्षी मागे राहिली, यंदाही राहील. मागे ठेवायच्या मुलांच्या यादीत तिचं नाव मी आत्ताच घालून टाकलं, म्हणजे मार्चमध्ये धावपळ नको.

त्या सभेत मी जे वाक्य बोलले त्याबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही.

तुझ्या विषयाची विजेती,
धाकटी


९ ऑगस्ट

दादा,

मागचं पत्र पोचलं असेल तर कृपा करून फाडून टाक. नाही पोचलं तर देव आहे.

काल मुख्याध्यापिका चार पालकांना घेऊन वर्गात आल्या. वेणी झाली, टाळ्या झाल्या. फळ्यावर लिहायला खडू नव्हता, म्हणून मी रुबाबात म्हटलं, "पोपटराव, कपाटातून पाच खडू घेऊन या बरं."

पोपटराव गेले. कपाटाशी उभे राहून एकेका खडूवर बोट ठेवत मोठ्याने म्हणू लागले, "एक दोन, दोन एक, एक दोन, दोन तीन, तीन दोन, दोन तीन..." प्रत्येक शब्दाला एक खडू ओंजळीत. 'चार पाच' आलं तसे थांबले आणि पोट पुढे काढून माझ्यापुढे आले.

"घ्या बाई, पाच."

वीस खडू होते. नंतर मी मोजले. हो, मी सरळ मोजले.

"अरे, हे पाच आहेत?"

"हो बाई. परत मोजू?" आणि परत मोजले. परत पाचच आले. तो चुकला नव्हता. मी शिकवलं तेच त्याने केलं होतं, आणि एक शब्द गाळला नव्हता. बाकीची पोरं माना डोलावत होती. एकालाही त्या ओंजळीत काही जास्त दिसलं नाही. एक पालक खिडकीबाहेर बघू लागले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान, छान," पण कोणाला म्हणाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मौनी उठली. पोपटरावांच्या ओंजळीतून तिने दोन खडू उचलले, मग दोन, मग एक. ते माझ्या हातात दिले आणि उरलेले कपाटात ठेवून जागेवर जाऊन बसली. ओठसुद्धा हलला नाही.

दादा, मी सातव्या वर्षी अख्खा ग्रंथ म्हणत होते आणि त्यातल्या एका ओळीचा अर्थ मला विसाव्या वर्षी कळला. पोकळ पाठांतराचा वास मला सर्वांत आधी यायला हवा होता. नाही आला. टाळ्यांनी नाक बंद होतं बहुतेक.

मौनीचं नाव मी यादीतून खोडलं. शाईने लिहिलं होतं, कागद जरा फाटला. पण माझ्या खोडण्याने काय होणार? मार्चमध्ये तुझ्या मंडळाचा परीक्षक येणार, तो तुझं पहिलं कलम विचारणार, ही गप्प उभी राहणार, आणि तिसऱ्या वर्षी तीच खोली, तोच बाक. तोवर आठ वर्षांची होईल ती; आत्ताच बाकाखाली पाय मावत नाहीत.

सहा वर्षांच्या मुलाला गणितातलं नक्की काय यायला हवं? हे मी बावन्नाव्या वर्षी विचारते आहे, आणि विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही, याचा मला भरपूर राग आहे.

धाकटी


३ सप्टेंबर

दादा,

तुझं कार्ड आलं. 'ती न बोलता काय करते ते बघ.' सात वर्षांत सात शब्द. वर्षाला एक पडला. काटकसर तुझीच.

बघितलं. शाळेत ती काहीच करत नाही, म्हणून रविवारी तिच्या घरी गेले. वडील फरशी बसवणारे मिस्त्री. घरी नव्हते, शेजारणीने पत्ता दिला, तिसऱ्या गल्लीतली नवी इमारत. तिथे रिकाम्या खोलीत ते गुडघ्यांवर बसून दोरी ताणत होते आणि आपली मौनी, दादा, अखंड बोलत होती!

"बाबा, ती कडा बाहेर आलीय. बाबा, तिथे पोकळ वाजतंय. बाबा, आधी तिकडून घ्या, नाहीतर दारात तुकडा येईल."

"शाळेत बोलत नाही म्हणता?" मिस्त्री मला म्हणाले. "इथं तर माझं डोकं खाते हो. बसा ना बाई. म्हणजे... उभ्याच राहा, ओलं आहे."

पलीकडच्या लहान खोलीकडे बोट करून त्यांनी लेकीला विचारलं, "त्यात किती लागतील गं?"

ती दारात उभी राहिली. भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. "साडेतीन खोकी."

"चार आण. तुटफूट धरायची."

मी विचारलं, "साडेतीन कशावरून?"

तिने माझ्याकडे जरा कीव येऊन बघितलं. "खोक्यात दहा असतात. एका ओळीत पाच बसतात. दोन ओळींत खोकं संपतं. ओळी सात."

दादा, पहिलीत नापास झालेली मुलगी! मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "मग शाळेत का नाही गं सांगत?"

फरशीची कड बोटाने तपासत ती म्हणाली, "तिथे काही नसतं."

"काही म्हणजे?"

"मोजायला."

परत येताना सगळ्या वाटेत मला तू दिसत होतास. आता ते लिहिते, नाहीतर कधीच लिहून होणार नाही. आबा तुला सातचा पाढा म्हणायला उभं करायचे. तू 'सात त्रिक' वर थांबायचास आणि मी दाराआडून पुढचा सगळा पाढा घडाघडा म्हणायचे. आबा मला शाबासकी द्यायचे, तुला 'ठोंब्या' म्हणायचे, आणि मी हसायचे. आणि तू टेबलाखाली कोटाची सुटी बटणं सातसातच्या ओळींत मांडत असायचास. मी बघितलं होतं. आबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाबासकी वाटून घ्यावी लागली असती.

आणि सात वर्षांपूर्वी, भरल्या सभेत, तीनशे शिक्षकांसमोर मी उठून म्हणाले, 'ज्याला सातचा पाढा येत नव्हता, तो आता मुलांनी काय शिकावं ते ठरवणार.' लोक हसले. तू कागद गोळा केलेस. माझं संस्कृत गेलं होतं म्हणून मी बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे. पण वाक्य सहा वर्षांच्या त्या दाराआडच्या मुलीचं होतं.

माझं चुकलं, दादा. दोन्ही वेळा.

धाकटी


१७ नोव्हेंबर

दादा,

दोन पानं! मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

तू मला क्षमा केली आहेस की नाही हे दोन पानांत कुठेही लिहिलेलं नाही, यावरून केली असावी असा मी निष्कर्ष काढते. पण दुसऱ्या पानावरची ती ओळ मी तीनदा वाचली. पहिलं कलम तू स्वतः लिहिलंस, कारण 'माझ्यासारखं कोणत्याही मुलाला ओळ अर्धवट तोंडात धरून उभं राहावं लागू नये. आधीच सगळ्यांना पक्कं म्हणता आलं की प्रश्नच मिटला.' अरे शहाण्या! ज्या काठीने आपल्याला मार बसला, ती तू सगळ्या शाळांना भेट पाठवलीस, आणि वर प्रेमाने.

यादी वर्षाच्या मध्ये बदलता येत नाही, हे कळलं. परीक्षक कलमाप्रमाणेच जाईल, तेही कळलं. बदलायची झाली तर मंडळाला परीक्षकाचा शेरा लागेल, तुझा शब्द पुरणार नाही. ठीक आहे. इथली हकीकत ऐक.

वेणी बंद केली. पोपटराव दोन दिवस रडले. "म्हणजे मला काहीच येत नाही?" म्हणाले. मी म्हटलं, "तुला म्हणता येतं. आता मोजायला शिकू. मलाही शिकायचं आहे." तेव्हा कुठे नाक पुसलं.

मौनीच्या वडिलांनी फरश्यांची रिकामी खोकी दिली. आम्ही त्यात चिंधीचे गोळे, खडूचे तुकडे, झाकणं, काय मिळेल ते भरतो. दहा झाले की खोकं बंद. बंद खोकं पुन्हा उघडून मोजायचं नाही, हा मौनीचा नियम. ती तो डोळ्यांनी अमलात आणते. आधी अंदाज करायचा, मग मोजायचं, मग भांडायचं. चुकलेल्याने कुठे चुकलो ते दाखवायचं. हे शेवटचं माझ्याकडून, कारण मला त्याचा अनुभव आहे.

मुख्याध्यापिका काल दारात येऊन म्हणाल्या, "हा वर्ग आहे की गोदाम?"

"गोदामच," मी म्हटलं, "पण माल बरोबर भरतो आहे."

पोपटरावांच्या आईची तक्रार आहे की तो पाहुण्यांसमोर आता म्हणून दाखवत नाही, उलट पाहुण्यांना विचारतो, "तुमच्या शर्टाला बटणं किती, न बघता सांगा." एक काका रागावून गेले म्हणे.

इतकं सगळं आहे, पण मौनी अजून शाळेत बोलत नाही. करते सगळं, मान हलवते, बोटाने दाखवते, बोलत मात्र नाही. मी एकदा घाबरून तिला बाजूला घेतलं, म्हटलं, "नुसतं म्हण गं माझ्याबरोबर, एक..." तिने "एक" म्हटलं आणि समोर काय आहे ते शोधू लागली. काही सापडलं नाही, थांबली. मी पुन्हा विचारलं नाही. मार्चचं मला ठाऊक नाही, दादा. रोज सकाळी भिंतीवरच्या तुझ्या सहीकडे बघते आणि तुला एक शिवी देते. छोटीच.

धाकटी


२३ मार्च

दादा,

आज परीक्षा झाली. घाईने लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

परीक्षक उंच, वाळकेसे, सर्दी झालेले. टेबलावर त्यांची नोंदवही, शेजारी मुख्याध्यापिका, मागे भिंतीवर तुझी यादी. मुलं एकेक करून पुढे. कलम पहिलं सगळ्यांनी नीट पार पाडलं; पोपटराव नव्वदला थांबून परीक्षकांना म्हणाले, "आता एकच खोकं उरलं," एवढाच अपघात.

मग मौनी.

"एक ते शंभर म्हण बाळ."

ती उभी. हात मागे. परीक्षकांनी शिंकून घेतलं, पुन्हा म्हणाले, "म्हण." मुख्याध्यापिका हळूच पुढे वाकल्या, "ही गेल्या वर्षीही..." आणि परीक्षकांनी पेन उचललं. दादा, पेनाचं टोपण काढायला माणसाला किती वेळ लागतो, ते मला आज कळलं. फार वेळ लागतो.

आणि ती बोलली.

"कशाचे?"

सव्वीस मुलांनी श्वास रोखला. नाही, पंचवीस. वर्गातल्या कोणीही आजवर तिचा आवाज ऐकला नव्हता.

"काय कशाचे?" परीक्षक.

"शंभर कशाचे?"

ते गोंधळले. माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं. तुझ्या कलमात ते लिहिलेलं नाही. "कशाचेही," ते म्हणाले.

"मग फरश्यांचे." तिने कोपऱ्यातली रिकामी खोकी ओढली आणि जमिनीवर एकापुढे एक मांडत गेली. "एक खोकं. दोन खोकी. तीन खोकी." खणखणीत आवाज, मिस्त्री दुकानात मागणी सांगतो तसा. "दहा खोकी. झाले शंभर."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "आणि मधले आकडे?"

"मधले खोक्यांत आहेत."

मुख्याध्यापिकांना ठसका लागला. परीक्षक मात्र खुर्चीवरून उठले. फळ्याशी जाऊन त्यांनी ६७ लिहिलं. "हा कुठे आहे, दाखव."

ती सातव्या खोक्याशी गेली, झाकण उघडलं. "ह्यात. सहा बंद. हे फोडलं. सात काढल्या, तीन राहिल्या."

"तीन राहिल्या हे कशाला सांगितलंस? ते मी विचारलं नव्हतं."

"नाही सांगितलं तर पुढच्या खोलीला कमी पडतील."

परीक्षक खाली बसले, दादा. जमिनीवर, इस्त्रीच्या विजारीसकट. ४०. ९९. मग त्यांनी १०० लिहून विचारलं, "आणि याच्या पुढचा?" ती म्हणाली, "नवं खोकं आणावं लागेल." मग मुलांना राहवेना. पोपटराव बाकावर उभे राहून ओरडले, "सर, मला विचारा ५२, मला ५२ विचारा!" आणि मग सगळेच. पाऊण तास मंडळाचा परीक्षक माझ्या पोरांना आकडे विचारत होता आणि पोरं त्याला आकडे विचारत होती. एकदा तो चुकला. मौनीने त्याला कुठे चुकला ते दाखवायला लावलं.

जाताना त्यांनी नोंदवही माझ्यासमोर धरली. तिच्या नावापुढे कलम पहिलं, 'उत्तीर्ण.' शेऱ्याच्या रकान्यात: 'विद्यार्थिनी अडखळली नाही. मी अडखळलो. कलमाचा पुनर्विचार व्हावा.'

तुला शेरा हवा होता ना? घे.

धाकटी


२९ एप्रिल

दादा,

नव्या यादीचा मसुदा मिळाला. कलम पहिलं, 'समोरच्या वस्तू किती, हे आपल्या रीतीने सांगता व दाखवता येणे.' कलम दुसरं, 'दहाचा गट करता व फोडता येणे.' कलम तिसरं, 'आपण कुठे चुकलो ते सांगता येणे.' तुझं गद्य अजून सरकारी आहे, पण आशय मला मान्य. मागे ठेवण्याचं वाक्य तू मुळातूनच काढलंस, त्याबद्दल तुला सगळ्या शिव्या परत.

एक भांडण मात्र आहेच. शंभरापर्यंत म्हणणं तू पूर्ण गाळलंस. ते नको. उत्साहाच्या भरात तू आबांचा सूड उगवतो आहेस. म्हणण्यात सुख असतं रे, जिभेला ताल लागतो. फक्त त्याला पुढच्या बाकावरून उठवून मागे बसव. नववं कलम कर. पोपटरावांनाही काही हवं की नाही?

काल निकाल होता. सव्वीसच्या सव्वीस वर गेले. मी पुढच्या वर्षी दुसरीला जाते आहे, त्यांच्याबरोबर; मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ही पोरं आता दुसऱ्या कोणाला झेपायची नाहीत." मौनीचे वडील कामावरून तसेच आले होते, पांढऱ्या सिमेंटचे हात मागे लपवून फाटकाशी उभे.

"पास?" ते म्हणाले. "बाई, नीट बघितलंत ना? मागच्या वर्षी..."

"नीट बघितलं. तुम्ही आत या."

"नको. पावलं उमटतील."

मी त्यांना ओढून आत नेलं. उमटू देत.

मौनी आमच्याजवळ नव्हती. मुलं आपापल्या घरी पळाली होती, ही व्हरांड्यात दुसरीच्या वर्गाच्या दारात उभी. दोन वर्षं ती त्या दारावरून गेली आणि आत जायची तिला परवानगी नव्हती. उन्हाळ्यापुरतं कुलूप लावायला शिपाईमामा थांबले होते.

"आत बघू?" तिने मला विचारलं.

"बघ."

ती आत गेली. खिडकीपर्यंत चालत गेली, परत फिरली, बाकांच्या ओळींमधून एकदा इकडून, एकदा तिकडून. मिस्त्री दारात माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांनी एवढंच विचारलं, रिकाम्या खोलीत विचारतात तसं, "किती गं?"

"एका ओळीत नऊ बसतील. ओळी तीन. तीन खोकी, त्यात तीन कमी." तिने पुन्हा एकदा सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. "आपण सगळे मावतो, बाई. एक जागा उरते."

दादा, ती उरलेली जागा तुझी. शाळा उघडेल त्या दिवशी ये. बाक लहान आहे, गुडघे सांभाळून बस, आणि कोणी 'कशाचे?' असं विचारलं तर उत्तर तयार ठेव.

तुझी धाकटी